चारही कोपरे फाटलेलं कार्ड

कागद फाडणं हा आमच्या घरात गुन्हा होता. कपबशी फुटली, दूध उतू गेलं, छत्री शाळेत विसरली, तरी बाबा फार बोलायचे नाहीत. पण टर्रकन कागद फाटल्याचा आवाज आला की ते आतल्या खोलीतून चष्मा सावरत बाहेर यायचे आणि विचारायचे, “काय फाडलं?” ते तहसील कचेरीत रेकॉर्डरूमला होते. लोकांचे सातबारे, फेरफार आणि जुने नकाशे त्यांनी उभं आयुष्य सांभाळले, उंदरांपासून, वाळवीपासून आणि गळक्या कौलांपासून. पायाला कागद लागला तर वाकून नमस्कार करायचा, मग तो पोथीचा असो की भज्यांच्या पुडीचा, ही आमची शिस्त. अशा माणसाच्या धाकट्या मुलीनं कागद फाडण्याचंच शिक्षण घेतलं, याला काय म्हणायचं ते म्हणा.

मी नागपूरला चित्रकलेची पदविका करत होते तेव्हा आमचे एक सर जपानला वर्षभर राहून आले. येताना त्यांनी कॅमेरा आणला नाही, टेपरेकॉर्डर आणला नाही, आणली ती कागदाची एक वळकटी. तिकडे कागद फाडून त्याच्या तुकड्यांची चित्रं करतात, त्याला चिगिरी-ए म्हणतात, असं सांगून त्यांनी एक कागद आमच्यासमोर फाडला. कात्री नाही, पट्टी नाही. बारीक कुंचला पाण्यात बुडवून कागदावर एक वळणदार रेघ ओढली, पाणी मुरू दिलं आणि मग दोन्ही अंगठ्यांनी कागद हळूच दोन बाजूंना सरकवला. आवाज झालाच नाही. फाटलेल्या कडेला पांढरे, मऊ, बारीक केस उभे राहिले होते. सर म्हणाले, “ओढायचं नाही. कागद आपणहून सुटेपर्यंत थांबायचं.” मग ते तुकडे त्यांनी पातळ खळीनं एकावर एक चिकटवले, तर खालचा रंग वरच्यातून दिसायला लागला. डोंगर झाला, डोंगरावर धुकं झालं. त्यांचा एकच नियम होता, चित्रात कुठंही कापलेली सरळ कड दिसता कामा नये. दिसली की चित्र परत हातात द्यायचे, एक शब्द न बोलता.

हे काम मला धरून राहिलं ते माझ्या स्वभावामुळे. मी तापट आहे. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण हा कागद रागानं फाटत नाही. घाई केली की कड भलतीकडे पळते आणि हातात नुसता चोथा उरतो. तासभर कागद फाडून उठले की मी बऱ्यापैकी माणसात आलेली असायचे.

वणीला मुलींच्या शाळेत मला चित्रकलेची नोकरी लागली आणि निवृत्तीला आलेले बाबा माझ्याजवळ राहायला आले. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. सरांनी दिलेला जपानी कागद पहिल्याच वर्षात संपला. मग मी मिळेल तो कागद फाडून पाहिला. पतंगाच्या कागदाचा रंग खळीत उतरायचा. घोटीव कागदाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. शेवटी वर्ध्याला हातकागद मिळाला, सुती चिंध्या कुटून केलेला, जाडसर, आणि त्याची रेघ भिजवून फाडली तर काय, कडेला तेच केस. जपानात त्यासाठी कुठल्या झाडाची साल लागते म्हणे. आमच्याकडे ते झाड नव्हतं, कापूस मात्र उदंड होता. हा पांढरा कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, कारण वणीत उघड्यावर राहिलेली कुठलीही पांढरी गोष्ट कोळशाच्या ट्रकांमुळे दोन दिवसांत राखाडी होते.

बाबांनी माझ्या या उद्योगाला कधी नाही म्हटलं नाही. मी व्हरांड्यात पाट मांडून बसले की ते खुर्ची जरा लांब ओढून घेत आणि पाठ माझ्याकडे करून पेपर वाचत. खाली पडलेले बारीक कपटे मात्र संध्याकाळी स्वतः वेचून एका डब्यात भरत. चित्राकडे पाहत नसत. मीही दाखवत नसे. आमचं असं छान चाललं होतं.

आता ताईचं सांगते, कारण हे सगळं तिचं आहे.

बाबांची बदली महागावला होती तेव्हा ताई पुसदला कॉलेजात जायची. हुशार होती, माझ्यापेक्षा कितीतरी. बाबांनी तिच्यासाठी मनात एक सरकारी खुर्ची धरून ठेवली होती. तिनं महागावजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न ठरवलं, तिच्याच वर्गातला. घर चांगलं, माणसं चांगली, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि तुरीचं शेत. बाबांनी आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, “मी पंचवीस वर्षं सातबारे हाताळले. शेतीत माणसाचं काय होते ते मले कागदावरून वाचता येते. तुले जायचं तर जा. मी येणार नाही आणि बोलावणार नाही.” ताई म्हणाली, “मीही बोलावल्याशिवाय येणार नाही.” दोघंही शब्दाचे इतके पक्के की अकरा वर्षं तसेच राहिले. लग्नाला आमच्याकडून मी एकटी होते. बाबांनी त्याच महिन्यात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली मागून घेतली.

त्या अकरा वर्षांत मी मधल्यामधे हेलपाटे घातले. ताईला लिहिलं की ती उत्तर पाठवायची, “बाबांनी बोलावलं तर येते.” बाबांजवळ विषय काढला की ते म्हणायचे, “दार बंद आहे का? ज्याले यायचं त्यानं यावं.” बोलावणं कुणी धाडायचं एवढाच प्रश्न होता आणि तो काही सुटत नव्हता. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटायचं. शेवटी मी पत्रं थांबवली. यवतमाळच्या बस स्टँडवर ताई दोनदा भेटली, उभ्याउभ्या, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. दुसऱ्यांदा तिचे हात पाहिले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहायचं मी टाळलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, कोरडे पावसाळे, खरेदी केंद्राबाहेर दिवसेंदिवस उभ्या गाड्या, हे सगळं पेपरात यायचं आणि त्याखाली रोज आणखी एक बातमी असायची, एखाद्या गावाची आणि एखाद्या माणसाची. वणीत आम्हाला त्याची झळ नव्हती. खाणी चालू होत्या, पगार होत होते. मी चित्राच्या करड्या रंगासाठी जुने पेपर फाडायचे. एक दिवस बाबांनी माझ्या हातातून एक पान काढून घेतलं. “हे पान सोडून बाकीचं घे,” म्हणाले. जिल्ह्याचं पान होतं ते. मग माझ्या लक्षात आलं की सकाळी पेपर आला की ते पहिलं पान उघडतच नाहीत. आधी जिल्ह्याचं पान. बोट ठेवून एकेक गाव, एकेक तालुका वाचतात. महागाव नाही असं पाहून झालं की मग चहाचा कप उचलतात. किती वर्षं ते हे करत होते देव जाणे. मला मेलीला वाटायचं त्यांना चहा निवलेला आवडतो.

त्याच पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टर नागपूरला न्या म्हणाले, बाबा जायला तयार झाले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या. जिना चढताना ते मधे थांबायला लागले आणि थांबल्यावर खिशात काहीतरी शोधल्यासारखं करायचे, मला कळू नये म्हणून. मला एकच धास्ती बसली. हे असेच जातील आणि ताई त्या खेड्यात बसून राहील, बोलावण्याची वाट पाहत. बाबा असेतोवर ती एकदा या घरात यावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

दिवाळीची सुटी संपली आणि कापूस वेचणीला आला. मी ताईला कार्ड पाठवायचं ठरवलं. लिहायला बसले तर काय लिहू? ये म्हणून लिहिलं तर तेच उत्तर येणार. बाबांना बरं नाही लिहिलं तर बाबांच्या नकळत मी कळवलं असं होणार, आणि ते त्यांना समजलं तर माझी खैर नाही. तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. पोस्टाचं साधं कार्ड घेतलं आणि मजकुराच्या बाजूला चित्र केलं. खाली करड्या कागदाची जमीन, त्यावर हातकागदाचं पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड. कापसाच्याच कागदातून कापूस. बोंडाच्या एकेका पाकळीला मी अर्धा तास दिला. केस असे सुरेख उभे राहिले की फुंकर घातली तर उडतील. मला वाटलं, ताई हे पाहील आणि तिला कळेल की मला तिची आठवण येते. चित्र पूर्ण झालं आणि लांबून पाहिलं तर कार्डाच्या त्या चार सरळ कापलेल्या कडा डोळ्यांत खुपायला लागल्या. एवढं मऊ चित्र आणि भोवती कारखान्यातल्या कडा. सरांनी ते नक्की परत दिलं असतं. मी कुंचला पाण्यात बुडवला आणि चारही कडा आणि चारही कोपरे अलगद फाडून काढले. मग दुसऱ्या बाजूला ताईचा पत्ता लिहिला आणि बाबा आंघोळीला गेल्याचं पाहून चौकातल्या पेटीत टाकून आले.

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळवायचं असेल तर कार्डाचा कोपरा फाडतात. लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकू लावतात तसंच हे. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी आजीच्या गावाहून आलेलं असं कार्ड मी स्वतः आईच्या हातात पाहिलं होतं. पण कुंचला हातात असताना मला फक्त कड दिसत होती. बाबांनी ते कार्ड नुसतं पाहिलं असतं तरी मला थांबवलं असतं. त्यांच्यापासूनच तर मी ते लपवलं होतं.

पुढचं मला ताईनं नंतर सांगितलं. शनिवारी संध्याकाळी पोस्टमन आला तेव्हा घरी तिची सासू एकटीच होती. म्हातारीला वाचता येत नाही, पण कार्डाचे कोपरे तिला बरोबर वाचता आले. एक नाही, चारही फाटलेले. “वणीचं हाये,” एवढं पोस्टमननं सांगितलं आणि तोही घाईनं निघाला. सासूनं कार्ड गोठ्याच्या कुडात खोचलं, शेतात निरोप धाडला आणि आंघोळीसाठी चुलीवरचं पाणी काढून ठेवलं. ताई वेचणीची ओटी कंबरेला तशीच बांधलेली घेऊन धावत आली. पत्त्यावर माझं अक्षर. मागे एक शब्द नाही, नुसतं पांढरं काहीतरी चिकटवलेलं. तिनं तसाच अर्थ लावला जसा कुणीही लावला असता. बाबा गेले आणि माझ्यानं लिहवलं नाही. फोन आमच्याकडे त्याच वर्षी आला होता, त्याचा नंबर तिच्याकडे असायचा प्रश्नच नव्हता. मयतीला बोलावणं लागत नाही. त्या दिवसाची शेवटची एसटी गेली होती, ती दुसऱ्या दिवशी पहाटे मिळेल त्या पहिल्या गाडीनं निघाली.

रविवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. मी व्हरांड्यात पाटावर कागद भिजवत होते, बाबा खुर्चीत. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हेल काढून रडल्याचा आवाज आला. आमच्या घरात मोठ्यानं रडायची पद्धत नाही, आई गेली तेव्हाही आम्ही तोंडात रुमाल कोंबूनच रडलो होतो. त्यामुळे मला वाटलं शेजारी कुणाचं काही झालं. कोणाकडे ते पाहावं म्हणून मी उठले. बाबा म्हणाले, “तिचा आवाज आहे.” मी म्हटलं, “कोणाचा?” ते खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

डोक्यावरून पदर ओढलेली, हातात कापडी पिशवी, मान खाली, ती रस्त्यानं येत होती आणि बोलत होती. आमच्या खेड्यांतून बाया मयतीला अशाच येतात, गेलेल्या माणसाशी बोलत बोलत. मनात साठलेलं सगळं त्या वेळी बोलून घेतात आणि त्याला कुणी वाईट म्हणत नाही. ताई हे तिथं शिकली होती. फाटकापाशी आली, तिथंच रस्त्यावर बसली आणि फाटकाचे गज धरून म्हणाली,

“बाबा, मले एक डाव तं बलावाचं होतं जी. अकरा वर्सं वाट पाह्यली मी तुमची. दिवाळी आली का मी रस्त्यावर जाऊन उभी राहो, का माह्या माहेरचं कोनी येईन. तुमी मले कागदावून खोडलं, पन मी कोनाची पोरगी हाओ ते खोडता आलं का तुमाले? तुमचंच खरं झालं बाबा. दोन वर्सं झाले, अळीनं हिरवं रान खाल्लं. तुमाले सांगाले यावं वाटे. पन नाई आली, तुमी म्हनलं असतं का मी सांगतलंच होतं. तुमी म्हनाचं होतं जी. मी आयकून घेतलं असतं.”

ताई, बाबा इथंच आहेत, असं ओरडायला मी तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला. माझ्याकडे न पाहता, नुसता तळवा माझ्या बाजूला धरून, थांब म्हणून. ते उभे राहिले होते, व्हरांड्याचा खांब धरून, आणि ऐकत होते. शेजारच्या दोघी-तिघी बाहेर आल्या आणि आमच्या व्हरांड्यात बाबांना उभं पाहून जागच्या जागी थांबल्या. ताईचं चालूच होतं. लहानपणचा ताप, महागावचं भाड्याचं घर, बाबांनी तिला पहिल्यांदा सायकलवर बसवलं तो दिवस. सगळं ऐकून होईपर्यंत बाबांनी हात खाली घेतला नाही.

मग तिनं डोळे पुसायला पदर मागे घेतला आणि समोर पाहिलं.

“जित्ते हाये का तुमी?” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, अगदी साध्या आवाजात.

“आहे,” बाबा म्हणाले. “आत ये. पाणी घे.”

आत आल्यावर पहिल्यांदा माझा नंबर लागला. ताईनं पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे आपटलं. असं कार्ड कुणी ठेवत नाही, पण त्यावर माझं अक्षर होतं म्हणून तिला फाडवलं नव्हतं. “काहून फाडलं तू हे? का म्हून चारी कोपरे फाडले? डोकं गहान ठेवलं का?” मी सरांचा नियम सांगायला लागले, कडेचा, केसांचा, आणि माझं मलाच ऐकवेना. माझ्या एका सुंदर कडेसाठी ती दिवसभर एसटीत बापाचं मरण घेऊन बसली होती. मी रडले. ताईनं मला दोन शिव्या घातल्या आणि जवळ घेतलं.

बाबांनी तोवर कार्ड उचललं होतं. पुढून, मागून, शिक्का, पत्ता, सगळं त्यांनी कचेरीतल्यासारखं तपासलं. “पोस्टाचं कार्ड असं फाडतात का?” म्हणाले. मग चित्र डोळ्यांजवळ धरलं. माझं चित्र त्यांनी हातात घेऊन पाहिलं ते हे पहिलं. “काय आहे हे?”

“कापूस,” मी म्हटलं.

ताई नाक पुसता पुसता हसायला लागली. “हा कापूस हाये? हे तं गुलाबाचं फूल झालं वं. फुटलेला कापूस असा वर तोंड करून बसते का? लोंबते तो. आन् बोंडाचे टोकं कुठी हाये? तेच तं बोटाले लागते.” तिनं हात पुढे केला. नखांच्या कडेला वाळक्या बोंडाच्या टोकांनी काढलेले ओरखडे, जुने काळे, नवे लाल. बाबांनी तो हात धरला आणि एकेक बोट पाहिलं, जिल्ह्याचं पान वाचायचे तसं.

“मी पऱ्हाटीत कधी उभा राहिलो नाही,” ते म्हणाले. “सारं कागदावरच पाह्यलं.”

रात्रीचं जेवण तिघांनी केलं. काय बोललो ते आठवत नाही, भाजी कशाची होती आणि खेड्यात वीज किती वेळ असते असलंच काही असेल. कापूस झाडावर आहे, थांबता येणार नाही, असं ताई म्हणाली. बाबांनी विचारलं, “सकाळची गाडी किती वाजता?” मी म्हटलं, “ताईची ना? साडेसातची.” ते म्हणाले, “आमची.”

मला आनंद झाला. तो झालाच. माझं मागणं पुरं झालं होतं, मागितल्यापेक्षा जास्तच. सकाळी मी त्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या, कधी कोणती ते ताईला समजावलं, स्वेटर घातला पिशवीत. स्टँडवर ताईनं त्यांना खिडकीची जागा दिली. बाबांनी काच सरकवून मला विचारलं, “तुझी शाळा बुडली का आज?”

“अर्धा दिवस टाकला.”

“बरं,” ते म्हणाले आणि गाडी निघाली.

घरी आले तर घर रिकामं. त्या रिकाम्या घरात मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला राग आला. अकरा वर्षं मी त्यांच्याजवळ होते. त्यांचं पथ्य, त्यांची पेन्शन, त्यांचं छातीचं दुखणं, सगळं माझ्याकडे. आणि ही आली, फाटकाशी बसून घटकाभर बोलली आणि त्यांना घेऊन गेली. माझं बाबांशी कधी भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बोलणंही झालं नव्हतं.

बाबा तीन आठवड्यांनी परत आले, काळे पडलेले आणि बोलके. त्यानंतरच्या दोन्ही वेचण्यांना ते ताईकडे गेले. नातवांची नावं, बैलांच्या खोडी, जावयाचा हट्टी स्वभाव, सगळं मला रोज ऐकवायचे. ताईची शेती काही सुधारली नव्हती, पण आता ते तिला जे म्हणायचं ते तोंडावर म्हणत आणि ती ऐकून उलट बोले. मी ऐकायचे आणि कागद फाडायचे. कधीतरी खुर्ची माझ्या बाजूला वळवून त्यांनी पाहावं असं वाटायचं. तसं म्हणायला काय हरकत होती? एकदा म्हणायचं होतं, बाबा, इकडे पाहा. त्यांनी पाहिलं असतं. ते नाही म्हणणारे नव्हते. पण मी शहाणी मुलगी होते, आणि शहाण्या मुलीला काही लागत नाही असा समज त्यांचा होता तसाच माझाही होता.

तिसऱ्या वर्षी वेचणीच्या आधीच ते गेले, सकाळी, खुर्चीतच. ताई दुपारी आली. गल्लीतल्या बाया बाहेर येऊन उभ्या होत्या, त्यांना तिचं मागचं रडणं आठवत होतं. पण ती मुकाट्यानं चालत आली, बाबांच्या उशाशी बसली, त्यांचे केस सारखे केले आणि तशीच बसून राहिली. मी येणाऱ्यांसाठी सतरंज्या घालत होते. कुणीतरी म्हातारीनं ताईला म्हटलं, “बोल बाई, बापाशी बोलून घे. मन मोकळं होते.” ताईनं नाही म्हणून मान हलवली.

“माह्यं बोलून झालं,” ती म्हणाली. मग तिनं सरकून बाबांजवळ थोडी जागा केली आणि माझा हात धरून मला खाली बसवलं. “तू बोल आता वं.”

सगळ्या बाया थांबल्या. मी बाबांकडे पाहिलं. पुष्कळ होतं बोलायचं. मला एकही शब्द आला नाही.